दोन तालमींचा माणूस : फ्रेडरिक केली

‘तालीम’ हा आपल्या मराठीतला मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. मल्ल जिथे अंगाला माती लावून जोर-बैठका काढतो ती जागाही तालीम, आणि गवई गुरूपुढे बसून जे वर्षानुवर्षे गळ्यावर चढवून घेतो तीही तालीमच. शब्द मूळचा अरबी, अर्थ ‘शिकवण’. आपल्या लोकांनी तो उचलला आणि शरीर व कला या दोहोंच्या दारावर एकच पाटी लावली. व्यवहारात मात्र ही दोन दारे एकमेकांपासून दूरच राहतात. आमच्या गावी मारुतीच्या देवळामागे तालीम आणि पुढच्या मंडपात भजन. पण तालमीत घुमणारे पोर पखवाजाला हात लावताना क्वचितच दिसते, आणि पेटी वाजवणाऱ्याने लंगोट कसल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

या दोन्ही दारांतून सारख्याच सहजतेने ये-जा करणारा एक माणूस पहिल्या महायुद्धाविषयी वाचताना मला भेटला. तो ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविणारा नाविक होता, उत्तम पियानोवादक होता, संगीतरचनाकार होता. आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षी फ्रान्समधल्या चिखलात एका मशीनगनपुढे तो मारला गेला. त्याचे नाव फ्रेडरिक सेप्टिमस केली. आपल्याकडे हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही, म्हणून त्याच्या आयुष्याची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न.

आधी या खेळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपला मुलूख कोरडा. तेरणा आणि मांजरा या आपल्या नद्या. पावसाळ्यात दोन्ही काठ धरून वाहणार आणि उन्हाळ्यात वाळू दाखवणार. नाव म्हणजे पैलतीर गाठण्याचे साधन, एवढीच आपली समजूत. शर्यतीची नाव याहून अगदी निराळी असते. ती लांबच लांब, अरुंद, आणि इतकी हलकी की बसणाऱ्याचा तोल जरा ढळला तरी कलंडते. वल्हवणारा जायच्या दिशेला पाठ करून बसतो. ज्या शर्यतीत प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक वल्हे असते तिला ‘स्कलिंग’ म्हणतात. आठजणांच्या नावेत मात्र प्रत्येकाकडे एकच लांब वल्हे असते, आणि ‘कॉक्स’ नावाचा नववा माणूस समोर तोंड करून बसतो, सुकाणू सांभाळतो आणि हाका देतो.

पाहणाऱ्याला वाटते, हा हातांचा खेळ. खरे पाहता नावेतली बैठक चाकांवर पुढे-मागे सरकते, आणि मुख्य जोर पायांचा व पाठीचा असतो. त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे लय. आठही वल्ही एकाच क्षणी पाण्यात शिरली पाहिजेत आणि एकाच क्षणी बाहेर आली पाहिजेत. कॉक्ससमोर जो बसतो त्याला ‘स्ट्रोक’ म्हणतात. तो लय ठरवतो आणि बाकीचे सात त्याच्या पाठीकडे पाहून ती पकडतात. भजनात एक टाळकरी जरी लयीच्या बाहेर गेला तरी साऱ्या अभंगाचा विचका होतो, तसेच इथेही. केलीच्या अंगी संगीत आणि वल्हे कसे एकत्र नांदले याचे कोडे मला इथेच थोडेसे सुटल्यासारखे वाटते.

केलीचा जन्म २९ मे १८८१ रोजी ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरी झाला. वडील थॉमस केली हे आयर्लंडहून आलेले लोकरीचे मोठे व्यापारी. हे सातवे अपत्य, म्हणून नावात ‘सेप्टिमस’, म्हणजे लॅटिन भाषेत सातवा. सिडनीत थोडे शिक्षण झाल्यावर मुलाला इंग्लंडात ईटनच्या विख्यात शाळेत धाडण्यात आले. तिथे टेम्स नदी शाळेच्या दारातून वाहते. १८९९ मध्ये ईटनच्या आठजणांच्या नावेने हेन्लीच्या शर्यतीत ‘लेडीज प्लेट’ हा चषक जिंकला, तेव्हा स्ट्रोकच्या जागी केली होता. त्यानंतर तो ऑक्सफर्डच्या बॅलिओल महाविद्यालयात गेला. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की तिथे त्याला मिळालेली शिष्यवृत्ती नौकानयनाची नव्हती, संगीताची होती.

हेन्ली हे टेम्सकाठचे गाव म्हणजे या खेळाचे पंढरपूरच म्हणा ना! दरवर्षी तिथे शर्यती भरतात. एकट्याने दोन वल्ह्यांनी नाव हाकण्याच्या शर्यतीला तिथे ‘डायमंड स्कल्स’ असे नाव आहे. केलीने ती १९०२, १९०३ आणि १९०५ अशी तीनदा जिंकली. १९०३ मध्ये त्याने ऑक्सफर्डतर्फे केंब्रिजविरुद्धच्या प्रसिद्ध शर्यतीतही भाग घेतला. त्या वर्षी ऑक्सफर्डचा पराभव झाला. १९०५ मध्ये मात्र डायमंड स्कल्सचे अंतर त्याने ८ मिनिटे १० सेकंदांत कापले. हे अंतर १ मैल ५५० यार्ड, म्हणजे दोन किलोमीटरहून थोडे अधिक, आणि तेही प्रवाहाच्या उलट दिशेने. हिशेब केला तर ताशी पंधरा किलोमीटरहून अधिक वेग पडतो. हा विक्रम पुढे तेहतीस वर्षे, म्हणजे १९३८ पर्यंत, कोणाला मोडता आला नाही.

अशा यशाने एखाद्याचे डोके फिरले असते. केलीने मात्र ऑक्सफर्डची पदवी घेतल्यावर जर्मनीतले फ्रँकफर्ट शहर गाठले. तिथल्या हॉख संगीत विद्यालयात १९०३ ते १९०८ या काळात त्याने इव्हान क्नोर यांच्यापाशी संगीतरचनेचे आणि अर्न्स्ट एंगेसर यांच्यापाशी पियानोचे शिक्षण घेतले. उन्हाळ्यात इंग्लंडात येऊन शर्यती जिंकायच्या आणि पुन्हा जर्मनीत जाऊन तासन् तास पियानोपुढे बसायचे, असा त्याचा क्रम होता. १९०७ पासून त्याने रोजनिशी लिहिली आणि ती अखेरपर्यंत चालू ठेवली. पुढे ज्या राष्ट्राविरुद्ध लढताना त्याला मरण आले, त्याच राष्ट्राच्या गुरुजनांनी त्याच्या हातात विद्या ठेवली होती, हे विसरता येत नाही.

१९०८ मध्ये लंडनला ऑलिंपिक सामने झाले आणि नौकानयनाच्या शर्यती हेन्लीला ठेवण्यात आल्या. बेल्जियममधील गेंट शहराच्या नाविकांनी १९०६ आणि १९०७ अशी लागोपाठ दोन वर्षे हेन्लीतला सर्वांत मानाचा चषक इंग्रजांच्या हातून हिरावून नेला होता. त्यांना तोंड देण्यासाठी लिअँडर क्लबने आपले जुने-जाणते गडी पुन्हा गोळा केले. त्यांतले गाय निकल्स तर एकेचाळीस वर्षांचे! ही म्हाताऱ्यांची नाव काय करणार, अशी लोकांनी चेष्टा केली. पण अंतिम शर्यतीत याच नावेने बेल्जियमला मागे टाकून सुवर्णपदक पटकावले. त्या नावेत केली होता. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी खेळातले सर्वोच्च यश त्याच्या पदरात पडले, आणि त्याने शर्यतींकडे पाठ फिरवून उरलेले आयुष्य संगीताला द्यायचे ठरवले.

इथे एका गोष्टीचा उल्लेख केला नाही तर चित्र एकांगी होईल. केलीला पोटाची चिंता नव्हती. वडिलांच्या लोकरीच्या पैशावर तो हवे ते शिकू शकला, हवे तिथे राहू शकला. त्या काळी हेन्लीच्या नियमांनुसार कारागीर आणि अंगमेहनतीचे मजूर यांना शर्यतीत उतरण्यास मनाई होती. ज्याचे हात कामाने घट्टे पडलेले, त्याला वल्ह्याच्या शर्यतीत जागा नाही! हा जाचक नियम १९३७ मध्ये गेला. आज आपल्या महाराष्ट्राच्या दत्तू भोकनळचे नाव घेताना मला हे हटकून आठवते. नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावचा हा मुलगा. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम केलेला. सैन्यात भरती झाल्यावर त्याने वल्हे हाती धरले, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नावेच्या शर्यतीत तेरावा क्रमांक मिळवला. २०१८ मध्ये इंडोनेशियातील आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून त्याने सुवर्णपदकही आणले. केलीच्या काळात हेन्लीच्या काठावर दत्तूला केवळ प्रेक्षक म्हणून उभे राहावे लागले असते. तालीम सर्वांना घेता येते; तिची संधी मात्र सर्वांना सारखी मिळत नाही.

१९०८ नंतरची सहा वर्षे हा केलीच्या संगीतजीवनाचा बहराचा काळ होता. १९११ मध्ये सिडनीला जाऊन त्याने जाहीर कार्यक्रम केले, १९१२ पासून लंडनच्या रसिकांपुढे तो वाजवू लागला. येली द’आरानी या हंगेरियन व्हायोलिनवादक तरुणीशी त्याचा स्नेह जुळला. दोघे एकत्र वाजवीत. रचनाकार म्हणून त्याची स्वतःची वाट त्याला सापडू लागली होती. संगीतात तिशी म्हणजे काही मोठे वय नव्हे. आपल्याकडे तर चाळिशीनंतर गवयाचा गळा खरा पिकतो, असे म्हणतात. एवढ्यात ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले.

सप्टेंबरमध्ये केली नौदलाच्या राखीव दलात अधिकारी झाला. हे नाव नौदलाचे खरे. पण जहाजांवर जागा नसल्याने या लोकांची पायदळासारखी एक डिव्हिजन उभारण्यात आली होती. तिच्या ‘हूड’ बटालियनमध्ये केली दाखल झाला. तिथे त्याला मित्रांचा एक विलक्षण मेळावा लाभला. कवी रूपर्ट ब्रूक, पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांचा मुलगा आर्थर, ग्रीक भाषेचा पंडित पॅट्रिक शॉ-स्टुअर्ट, केलीप्रमाणेच संगीतरचनाकार असलेला डेनिस ब्राउन, आणि न्यूझीलंडचा पोहण्यातला विजेता बर्नार्ड फ्रायबर्ग. महाविद्यालयाच्या वसतिगृहात जमावीत तशी ही मंडळी जहाजावर जमली होती, आणि जहाज तुर्कस्थानातील गॅलिपोलीच्या मोहिमेवर निघाले होते.

मोहीम सुरू होण्यापूर्वीच रूपर्ट ब्रूक गेला. डासाच्या दंशातून विषार अंगात भिनला आणि २३ एप्रिल १९१५ रोजी एका फ्रेंच रुग्णनौकेवर त्याने प्राण सोडला. ग्रीसच्या स्कायरॉस बेटावर, ऑलिव्हच्या झाडांत, मित्रांनी त्याला रात्री पुरले. केली तिथे हजर होता. दुसऱ्या एकाद्याने कविता लिहिली असती. केलीच्या मनात सूर जुळू लागले. पुढे युद्धात पायाला जखम होऊन अलेक्झांड्रियाच्या इस्पितळात पडला असताना त्याने ती रचना पुरी केली. तंतुवाद्यवृंदासाठी लिहिलेली ही ‘एलिजी’, म्हणजे शब्दांवाचूनचे शोकगीत. तिच्यात युरोपातील जुन्या स्वरपंक्ती योजलेल्या आहेत. त्या आपल्या थाटांच्या बऱ्याच जवळच्या. त्यांतली ‘डोरियन’ नावाची पंक्ती म्हणजे आपला काफी थाटच. मधूनच व्हायोलिनांचे बारीक सळसळते सूर येतात. कबरीवर वाकलेल्या ऑलिव्हच्या पानांची ती सळसळ आहे, असे केलीनेच नमूद करून ठेवले आहे. आक्रोश कुठेही नाही. मृत्यूच्या घरी बसलेला मोठा माणूस जसा हळू बोलतो, तशी ही रचना बोलते.

मोहिमेच्या पहिल्याच रात्री फ्रायबर्ग काळोखात समुद्रात उतरला आणि एकटाच पोहत शत्रूच्या किनाऱ्यावर गेला. सैन्य इथेच उतरते आहे असे तुर्कांना भासावे म्हणून त्याने तिथे उजेडाच्या नळ्या पेटवल्या. खेळाडूच्या अंगातली ताकद युद्धाने कशी वापरून घेतली याचे हे उदाहरण. जून महिन्यात डेनिस ब्राउन मारला गेला. केली दोनदा जखमी झाला, शौर्याबद्दल त्याला पदक मिळाले, आणि जानेवारी १९१६ मध्ये गॅलिपोली सोडून निघालेल्या शेवटच्या तुकड्यांत तो होता. या धामधुमीतच त्याने येलीसाठी व्हायोलिनचा एक सोनाटा लिहिला. येली शत्रुराष्ट्रातली, तो इंग्रज सैन्यातला. पण सुरांना सरहद्द ठाऊक नसते.

१९१६ च्या उन्हाळ्यात ही डिव्हिजन फ्रान्समध्ये आली. सोम नदीच्या परिसरात तेव्हा महाभयंकर लढाई चालू होती. वाचकहो, ही रणभूमी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. १४ जुलै १९१६ रोजी तिथल्या हाय वूड नावाच्या रानाजवळ ‘डेक्कन हॉर्स’ या हिंदी घोडदळाने भाले सरसावून हल्ला चढवला होता. हे घोडदळ मूळचे हैदराबाद कंटिन्जंटचे. ज्या फौजेच्या खर्चापोटी निजामाला १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला, तीच ही फौज. आणि हिंगोली, औरंगाबाद व मोमिनाबाद (म्हणजे आजचे अंबाजोगाई) इथे तिच्या छावण्या होत्या. आपला निलंगा तालुका त्या वेळी निजामाच्या बीदर जिल्ह्यात होता. हाय वूडपासून दहाएक किलोमीटरवर आन्क्र नावाची छोटी नदी वाहते. तिच्या काठच्या बोकूर गावावर चाल करण्याचा हुकूम नोव्हेंबरमध्ये केलीच्या बटालियनला मिळाला.

१३ नोव्हेंबर १९१६ ची पहाट. दाट धुके, गुडघाभर चिखल. पहाटे पावणेसहाला तोफा सुरू झाल्या आणि माणसे पुढे निघाली. वाटेत एका मशीनगनने हल्ला रोखून धरला. तिच्यावर आपल्या लोकांसह धाव घेत असताना केली मारला गेला. गाव दुसऱ्या दिवशी काबीज झाले. बटालियनचा सेनानी फ्रायबर्ग याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सोमची लढाई १८ नोव्हेंबरला संपली, म्हणजे केवळ पाच दिवस उरले होते. केलीला मार्टिन्सार येथील लष्करी दफनभूमीत मूठमाती देण्यात आली.

१९०८ च्या त्या सुवर्णनावेत कॉक्स धरून नऊजण होते. कॉक्स गिलख्रिस्ट मॅक्लॅगन २५ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रजवळ पडला. १९१६ मध्ये केली गेला. एप्रिल १९१८ मध्ये रोनाल्ड सँडरसन, पुन्हा ईप्रजवळच. नावेतला तिसरा हिस्सा युद्धाने गिळला. त्याच नावेतले चार्ल्स बर्नेल वाचले, आणि त्यांचा मुलगा रिचर्ड याने १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये याच हेन्लीच्या पाण्यावर सुवर्णपदक मिळवले. जे वाचले त्यांची तालीम पुढच्या पिढीत उतरली. जे गेले त्यांची तिथेच थांबली.

आता मुख्य प्रश्न. अशा माणसाला आपण काय म्हणावे? ‘वीर’ म्हणणे सोपे आहे आणि ते खोटेही नाही. परंतु ‘वीर’ हा शब्द वापरला की आपले लक्ष शेवटच्या पाच मिनिटांवर जाते आणि आधीची पंचवीस वर्षे झाकली जातात. मशीनगनवर धावून जाण्याचे धैर्य त्या दिवशी शेकडो जणांनी दाखवले. केलीचे वेगळेपण त्याच्या हातांत होते. ते हात वल्ह्याने बळकट आणि पियानोने नाजूक केलेले होते. तसे हात घडवायला एक आयुष्य लागते आणि मोडायला एक गोळी पुरते. युद्धाचा खरा हिशेब मांडायचा तर किती माणसे मेली एवढ्यावर थांबून भागत नाही. त्यांच्या हातून व्हायचे राहिलेले कामही जमेस धरावे लागते, आणि ते मोजण्याचे माप कोणापाशी नाही.

तरीही केलीचे थोडेफार उरले, याचे कारण त्याने लिहून ठेवले. २ मे १९१९ रोजी लंडनच्या विग्मोर हॉलमध्ये त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला. फ्रँक ब्रिज यांनी वाद्यवृंदाकडून त्याची एलिजी वाजवून घेतली. मित्रासाठी लिहिलेले शोकगीत त्याचे स्वतःचेही शोकगीत ठरले! त्याच्या बहिणीने बिशम या टेम्सकाठच्या गावी एरिक गिल या शिल्पकाराकडून स्मारक उभारून घेतले. रोजनिशी जपली गेली आणि पुढे प्रसिद्धही झाली.

आपल्याकडचे काय? त्या युद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली आणि सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर केंब्रिजला शिकून विमानदलात शिरला आणि जून १९१८ मध्ये फ्रान्समध्ये मृत्यू पावला; त्याचे नाव निदान कागदावर आहे. तुर्कांच्या मुलखात कूतच्या वेढ्यात अडकलेल्या मराठा पलटणींतल्या शिपायांत कोणी मल्ल असतील, कोणी शाहीर असतील, कोणी उत्तम पखवाजी असतील. त्यांनी रोजनिशी लिहिली नाही. पुष्कळांना लिहिताच येत नव्हते.

आपण लिहू-वाचू शकतो, म्हणून ही जबाबदारी आपल्याकडे येते. पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत आपल्या तालुक्यातले शिपाई सापडणार नाहीत. १९६२, १९६५, १९७१ आणि १९९९ च्या युद्धांत गेलेल्यांची घरे मात्र आपल्या जिल्ह्यांत आहेत, त्यांना ओळखणारी माणसे आहेत. सुट्टीत गावी गेल्यावर त्यांच्यापाशी बसून एवढेच विचारावे : लढाईचे राहू द्या, सैन्यात जाण्यापूर्वी तो कसा होता, काय खेळायचा, काय वाजवायचा, कोणाकडे शिकला? आणि जे सांगतील ते वहीत उतरवून घ्यावे. पुढच्या वर्षीच्या अंकात अशी चार पाने आली तरी पुष्कळ झाले.

— तृतीय वर्ष, कला शाखा